वाटेत काय काय लागतं

रस्ते खात्याच्या कारखान्यात पाट्या रंगवणारा जो रंगारी होता, त्याला सगळे वळणदार म्हणत. नाव त्याच्या अक्षरावरून पडलं होतं. एकतीस वर्षं तो हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात ‘तळे’, ‘गुहा’, ‘धबधबा ४ कि.मी.’, ‘पुढे तीव्र वळण’ अशी अक्षरं काढत होता, आणि ती इतकी देखणी निघत की यंत्रानं कापलेली तयार अक्षरं शेजारी ठेवली तर तीच बिचारी ओशाळून जावीत. पण नाव ठेवणाऱ्यांच्या मनात थोडा खोडसाळपणाही होता. कारण अक्षराला एवढं वळण असलेल्या या माणसाला रस्त्याचं एकही वळण सोसत नसे. त्याला गाडी लागायची.

आता लहान मुलांना गाडी लागते, ती लिंबू चघळतात, मोठी होतात आणि विसरून जातात. वळणदारला ती सत्तावन्नाव्या वर्षीही लागत होती. लग्नानंतर आठवड्यानं तो बायकोला घेऊन कुठल्याशा तळ्याकडे निघाला होता. दुसऱ्या वळणावर त्याचा चेहरा पिवळा पडला आणि तिसऱ्या वळणावर, पिशवी शोधायला वेळ न मिळाल्यामुळे, त्यानं नव्या नवरीच्या नव्या पर्सचा आसरा घेतला. दोघं तिथंच उतरली आणि अकरा किलोमीटर चालत घरी आली. बायकोनं वाटेत एक शब्द काढला नाही, उलट पर्स ओढ्यात धुऊन वाळत घालत घालत आली. त्यानंतर तिनं कुठं जाऊ या असं कधी म्हटलं नाही, आणि यानं कधी विचारलं नाही.

त्याच्याबरोबर त्याच दिवशी नोकरीला लागलेला दुसरा माणूस म्हणजे पाट्या बसवणारा फिटर. त्याचा आवाज कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, म्हणून तो भोंगा. वळणदारनं आत बसून पाट्या रंगवायच्या आणि भोंग्यानं त्या ट्रकमध्ये घालून डोंगरदऱ्यांत नेऊन ठोकायच्या, अशी ही जोडी. बरं, हा भोंगा त्याचा साडूही होता, आणि तो कोणी केला? वळणदारनंच. बायकोची धाकटी बहीण एकदा त्याचा डबा द्यायला कारखान्यात आली, भोंग्यानं तिला पाहिलं, आणि वळणदारनं मोठ्या हौसेनं स्थळ जुळवून दिलं. या उपकाराबद्दल तो स्वतःला पुढं तीस वर्षं मनातल्या मनात शिव्या देत राहिला.

कारण भोंगा परत आला की दोन लाकडी घोड्यांवर आडव्या टाकलेल्या पत्र्याशेजारी ठाण मांडून सांगत बसायचा. ‘‘अरे, काय रस्ता आहे! आधी नदी लागते. नदी ओलांडली की जंगल लागतं. दिवसा दिवे लावावेत असं जंगल. ते संपलं की घाट लागतो, आणि माथ्यावर गेलं की जो वारा लागतो ना, बस्स.’’ मग दम खाऊन तो हमखास म्हणायचा, ‘‘तुला काय सांगायचं म्हणा! तुला आपली गाडी लागते.’’

सगळे हसत. वळणदारही हसायचा. हसता हसता त्याचा कुंचला मात्र अक्षरावर जरा जोरात टेकायचा.

आठ वर्षांपूर्वी भोंग्यानं स्वतःची गाडी घेतली आणि वळणदारच्या पोटात खऱ्या अर्थानं दुखू लागलं. दर उन्हाळ्यात भोंगा बायकामुलांना घेऊन आठ-आठ दिवस निघायचा. कधी बारमाही धबधबा, कधी पांढऱ्या वाळूचा किनारा, कधी ढगांच्या वरचं पठार. फोटो यायचे. वळणदार फोटो दोन बोटांनी मोठा करून पाही. धबधबा दिसे, धबधब्यापुढे हात पसरलेला भोंगा दिसे, पण ज्या पाटीनं त्याला तिथवर पोचवलं ती पाटी कधी दिसत नसे. जणू धबधबा भोंग्यानंच खणून काढला होता.

तरी खरं दुखणं फोटोंचं नव्हतंच. खरं दुखणं रविवारी संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत येऊन बसायचं आणि चहा प्यायचं. भोंगा प्रवासाच्या गोष्टी सांगू लागला की वळणदारची बायको, जी दिवसभर शाळेचे गणवेश शिवायची आणि शिवता शिवता कोणाकडेही मान वर करून पाहायची नाही, ती मशीन थांबवून ऐकत राहायची. सुईखाली कापड तसंच अडकलेलं असायचं. ‘‘त्या उलट्या धबधब्याचं पाणी खरंच वर जातं?’’ ती भोंग्याला विचारायची. भोंग्याला! ‘उलटा धबधबा १२ कि.मी.’ ही पाटी कोणी काढली होती? पण वळणदार काय सांगणार होता? बारा किलोमीटर, एवढंच. त्याला प्रत्येक ठिकाणाचं फक्त अंतर माहीत होतं.

यंदा भोंग्याची मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती आणि गाडीत जागा होती. मेव्हणी म्हणाली, ‘‘ताई, या खेपेला तू चलच.’’ बायको म्हणाली, ‘‘येते.’’ एवढंच म्हणाली. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

‘‘जा की,’’ वळणदार म्हणाला. ‘‘मला काय, मी घेईन करून काहीतरी.’’

असं म्हणून तो न्हाणीघरात गेला आणि उगाच दहा मिनिटं हात धूत राहिला. त्याला भीती वाटत होती. आठ दिवसांनी ती परत येईल तेव्हा तिनं सगळं पाहिलेलं असेल, भोंग्याच्या गाडीतून, भोंग्याच्या बडबडीसकट. मग तिच्या लेखी हा घरातला माणूस कोण? तर ज्यानं आपली पर्स खराब केली, तो.

त्याच आठवड्यात सूर्यास्त कड्याच्या पाटीची चिठ्ठी आली. जागा नवी होती. डोंगरात चार रस्ते मिळतात तिथून चार किलोमीटरवर. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘पाठपोट’. म्हणजे पाटी दोन्ही अंगांनी रंगवायची, येणाऱ्यालाही दिसावी आणि जाणाऱ्यालाही. पाठपोट पाटीत एक गोम असते. एका अंगाला, म्हणजे पोटाला, बाण डावीकडे असेल तर पाठीला तो उजवीकडे काढायचा. तरच दोन्ही बाण एकाच जागेकडे बोट दाखवतात. नवा रंगारी पहिल्या महिन्यात हमखास दोन्हीकडे डावा काढतो. ‘‘बाबांनो, पोट आणि पाठ कधी एकमताची नसतात,’’ असं वळणदार त्यांना बजावायचा आणि वर्षभर त्या चुकीवरून त्यांची टर उडवायचा.

त्या दिवशी त्यानं पोट रंगवलं, बाण डावीकडे काढला, ते वाळल्यावर पत्रा उलटा केला. घरी बायकोनं आतापासूनच बॅग भरायला घेतली होती. ती कुठं बसेल? मागे, खिडकीशी. संत्री सोलून पुढं देईल. भोंगा आरशातून बघत म्हणेल, ‘‘ताई, आता डावीकडे बघा बरं का, डावीकडे!’’ वळणदारनं सुरेख, ठसठशीत, जराही न थरथरता बाण काढला. डावीकडे.

दुसऱ्या दिवशी भोंगा पाटी ट्रकमध्ये चढवत असताना ती क्षणभर उभी राहिली, आणि वळणदारला चूक दिसली. ‘थांब’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात भोंगा वरून ओरडला, ‘‘ताईंची काळजी करू नकोस रे! तुझ्या वाटणीचंही बघून येतील त्या. तू आपला पंख्याखाली बस. फक्त पंखा हळू ठेव, नाहीतर तोही लागायचा तुला!’’

सगळा कारखाना हसला. वळणदारनं तोंड मिटलं.

विसरला वगैरे काही नव्हता तो. त्यानं ठरवून तोंड मिटलं. एकतीस वर्षांत वळणदारचा बाण चुकला नव्हता, तेव्हा बोभाटा झाला तर लोक म्हणणार, भोंग्यानंच पाटी बसवताना घोळ घातला. आणि भोंग्याला कळायचं नाही. तो बोल्ट तेवढे बघायचा, वाचायचा कधीच नाही. होऊ दे एकदा त्याची फजिती. ट्रक फाटकाबाहेर गेला तेव्हा वळणदारला फार दिवसांनी बरं वाटलं.

बारा दिवसांनी ती तिघं निघाली. भोंगा, त्याची बायको आणि याची. घरात मशीनवर झाकण पडलं. वळणदार सकाळी भात करायचा आणि तोच संध्याकाळी खायचा. भोंग्याचे फोटो नेमानं येत होते: भोंगा आणि दरी, भोंगा आणि तळं, मेव्हणी आणि भोंगा आणि एक अवाढव्य झाड. बायको एकाही फोटोत नव्हती. तिनं स्वतःही एक फोटो पाठवला नाही. पाच दिवस त्यानं प्रत्येक फोटोच्या कडाकोपऱ्यात तिची साडी शोधली. एवढी रमली की आपल्याला दोन ओळी लिहायचीही शुद्ध नाही, असं त्यानं ठरवून टाकलं, आणि त्याचा जळफळाट झाला.

सहाव्या दिवशी साहेबांनी कारखान्यात येऊन सांगितलं, ‘‘सूर्यास्त कड्याची तक्रार आलीय. पलीकडून येणाऱ्या गाड्या भलतीकडे वळतायत. भोंगेमहाराजांनी पाटी पाठपोट उलटी लावली वाटतं.’’ लोक खो-खो हसले. कोणी म्हणालं, तोंड चालवता चालवता हात चुकला असेल. वळणदारचा बाण चुकला असेल हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तासभर तो खुशीत होता. दुसऱ्या तासाला ती खुशी कुठं गेली ते कळेना.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

‘‘आम्ही काल चुकलो हो,’’ ती म्हणाली. ‘‘पलीकडून परत येत होतो. भावजी मागे झोपले होते, गाडी धाकटी चालवत होती. चार रस्त्यांवर आली आणि विचारायला लागली, कुठं वळू? मीच म्हटलं, ह्यांचा बाण आहे, बिनधास्त वळव.’’

वळणदारनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘कोरड्या नदीत जाऊन रुतलो. भावजींनी गाडी ढकलली, तर त्यांच्या कमरेत उसण भरली. आता त्या चौकाजवळच खोली घेऊन पडलोय, दोन दिवस तरी लांबचा प्रवास जमणार नाही. साहेबांचाही फोन येऊन गेला. भावजी शपथेवर सांगतायत की पाटी बरोबर लावली, पण कोण ऐकतंय? धाकटी त्यांना सकाळपासून बोलतेय.’’ ती थांबली. ‘‘तुमचं काय म्हणणं?’’

‘‘माझं काय असणार?’’ तो म्हणाला.

‘‘बरं,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हवं होतं तेच झालं होतं. भोंगा आडवा पडला होता आणि वर बायकोची बोलणी खात होता. पण वळणदारच्या कानात एकच वाक्य राहिलं होतं: ह्यांचा बाण आहे, बिनधास्त वळव. ती गाडीत बसून भोंग्याचं ऐकत नव्हती. ती याचं ऐकत होती, आणि नेमकं तेव्हाच यानं तिला वाळूत घातलं होतं. त्यानं भात तसाच झाकून ठेवला.

सकाळी तो साहेबांपुढं उभा राहिला. ‘‘बाण माझा चुकलाय. पोटालाही डावा, पाठीलाही डावा. भोंग्याचा काही दोष नाही.’’

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. ‘‘तुमचा? मग आता निस्तरणार कोण? फिटर रजेवर. तुम्हीच जा ट्रकमधून.’’

‘‘साहेब, मला गाडी...’’

‘‘माहीत आहे. पिशव्या घ्या बरोबर.’’

त्यानं सहा पिशव्या घेतल्या. त्यांतल्या तीन पहिल्या घाटातच खर्ची पडल्या. ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर अर्धा तास मुकाट्यानं बघत होता, मग त्यानं गाडी कडेला घेतली. ‘‘दादा, एक विचारू? तुम्ही सारखी मान कुठं फिरवताय?’’

‘‘पाट्या बघतोय,’’ वळणदार म्हणाला. ‘‘माझ्याच आहेत सगळ्या. कधी उभ्या पाहिल्या नव्हत्या.’’

‘‘वाचताय तुम्ही! चालत्या गाडीत वाचलं तर कोणालाही लागेल. जवळचं काही बघू नका. तो पलीकडचा डोंगर आहे ना, त्याच्यावर नजर ठेवा.’’

एवढं सोपं होतं ते! जन्मभर तो गाडीत बसला की दुकानांच्या पाट्या, मैलाचे दगड, भिंतीवरच्या जाहिराती, जे अक्षर दिसेल ते वाचत सुटायचा, आणि मळमळलं की रस्त्याला शिव्या द्यायचा. आता तो डोंगराकडे बघत बसला. डोळे आपोआप खाली घसरत, ‘नदी’ दिसलं की त्यातल्या ‘द’च्या शेपटीत अडकत, आणि लगेच पोट ढवळे. मग पुन्हा डोंगर. नदी लागली, जंगल लागलं, घाट लागला. भोंग्यानं यातलं काहीच वाढवून सांगितलं नव्हतं, याचाही त्याला थोडा रागच आला.

चार रस्त्यांवर पोचला तेव्हा ऊन कलू लागलं होतं. शिडी लावून त्यानं पाठीवरचा बाण हिरव्या रंगाखाली गाडला. रंगाचा हात वाळायची वाट पाहत तो दगडावर बसला असतानाच, खोलीतून खात्याचा ट्रक दिसला म्हणून, भोंग्याची गाडी आली. मेव्हणी चालवत होती. भोंगा पुढच्या जागेवर कमरेला पट्टा बांधून, शेजारच्या दाराची कडी धरून बसला होता. मागच्या दारातून बायको उतरली.

‘‘आलात?’’ ती म्हणाली. त्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे तिनं नीट पाहिलं. ‘‘किती पिशव्या?’’

‘‘तीन.’’ मग जे बोलायचं ते एका दमात बोलून टाकावं म्हणून तो तिघांकडे न बघता पाटीकडे बघून म्हणाला, ‘‘बाण माझा चुकला होता. ट्रकवर चढवतानाच मला दिसलं होतं. मी गप्प बसलो. याची फजिती व्हावी म्हणून.’’

‘‘अरे, गाढवा!’’ भोंगा ओरडला आणि ओरडल्यामुळे कळ येऊन विव्हळला. ‘‘दोन दिवस बोलणी खातोय मी तुझ्यापायी!’’

मेव्हणी म्हणाली, ‘‘भावजी, तुम्ही?’’

बायकोच्या चेहऱ्यावर मात्र आश्चर्यही नाही, रागही नाही, हे बघून वळणदारच्या लक्षात आलं. ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘गाडी रुतल्यावर मी चालत पाटीपर्यंत आले होते,’’ ती म्हणाली. ‘‘या अंगानं पाहिली, मग त्या अंगानं. चाळीस चाळीस वेळा ‘पोट आणि पाठ एकमताची नसतात’ ऐकलंय मी घरात. तुमच्या हातून असा बाण चुकत नाही. म्हटलं, चुकू दिला असणार.’’

‘‘मग फोनवर का नाही बोललीस?’’

‘‘तुम्ही बोलताय का, ते बघत होते.’’

तो खाली मान घालून उभा राहिला. एकतीस वर्षांची अक्षरं त्या क्षणी त्याच्या काही उपयोगाची नव्हती. ‘‘तुम्ही माझं काय म्हणणं विचारलंत ना,’’ असं काहीतरी तो बोलू लागला आणि बायकोला आपण ‘तुम्ही’ म्हणतोय हे कळून आणखीच गोंधळला.

सुटका केली ती भोंग्यानं. कळा सोसत तो तणतणला, ‘‘आणि ताई, तुम्हाला माहीत होतं तरी मला बोलणी खाऊ दिलीत? धन्य आहात दोघं! अरे, हिनं पाच दिवस मला एक डोंगर धड बघू दिला नाही. पाटी आली की, भावजी, थांबवा. धबधबा समोर कोसळतोय आणि ही बाई चार किलोमीटर मागे पाटीचे फोटो काढतेय! म्हणे या ‘ध’ची गाठ बघा, म्हणे हा ‘ळ’ त्यांनी ताप असताना काढला होता. एकतीस वर्षं बोल्ट मी पिळतोय, एका बोल्टचा फोटो काढला का कोणी?’’

बायकोनं मोबाइल वळणदारच्या हातात दिला. एकशे चौदा फोटो. तळे, गुहा, पांढरी वाळू, उलटा धबधबा १२ कि.मी. पाट्यांच्या मागे कुठं कुठं दरी, कुठं आभाळाचा तुकडा. ‘‘फोनवर पाठवणार नव्हते,’’ ती म्हणाली. ‘‘घरी आल्यावर शेजारी बसून दाखवायचे होते.’’

त्यानं मान वर केली तेव्हा भोंगा त्याच्याकडे बघत होता. ओठ दाबलेले, नाकपुड्या जराशा फुगलेल्या. हा चेहरा वळणदारनं आठ वर्षं रोज दाढी करताना आरशात पाहिला होता. त्याला एकदम हसू आलं, आणि आपण किती दुष्टपणे हसतोय हेही कळलं, पण थांबवता येईना.

त्यानं शिडीवर चढून उजवा बाण काढला. कुंचला धुतला. मेव्हणी म्हणाली, ‘‘सूर्य बुडायला अर्धा तास आहे. भावजी, तुम्ही पुढं बसा.’’ भोंग्याला कण्हत कुंथत मागे जावं लागलं. बायको त्याच्या शेजारी, वळणदारच्या बरोबर पाठीमागे बसली.

गाडी उजवीकडे वळली. वळणदारनं दूरच्या कड्यावर नजर रोवली आणि हात मांडीखाली दाबून धरले. एक वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला डाव्या बाजूला हिरवं काहीतरी चमकलं आणि त्याचे डोळे सवयीनं तिकडे सरकू लागले.

‘‘वाचू नका,’’ बायको मागून म्हणाली. ‘‘तुम्ही पुढंच बघा. मी वाचते.’’

आणि तिनं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, त्याला त्याचीच पाटी वाचून दाखवली.